फोनची खतावणी : ऑफिसमधील इंटरनेट फोनसाठी प्रोव्हिजनिंग सर्व्हर कसा उभारावा

इंदूरच्या दवाबाजारातील औषधांच्या एका घाऊक पेढीने पावसाळ्याच्या तोंडावर आपले जुने इंटरकॉम काढून टाकले आणि त्यांच्या जागी ३४ इंटरनेट फोन घेतले. त्यांपैकी २२ पेढीत आणि १२ देवास नाक्याजवळच्या गोदामात लागायचे होते. हे काम माझ्याकडे आले, तेव्हा पहिला फोन मी मुद्दाम हाताने बसवला. फोनला मिळालेला नेटवर्कचा पत्ता त्याच्या पडद्यावर शोधायचा, तो संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाकायचा, कारखान्यातून आलेला ॲडमिनचा पासवर्ड द्यायचा, खात्याच्या पानावर एक्स्टेन्शनचा क्रमांक, नाव, पासवर्ड आणि कॉल जोडणाऱ्या एक्स्चेंजचा पत्ता भरायचा, मग घड्याळाचे पान, मग बटणांचे पान, मग कोडेकचे, म्हणजे आवाज डिजिटल करून पाठवण्याच्या पद्धतीचे पान. या सगळ्याला बारा मिनिटे लागली. या हिशेबाने ३४ फोनांना पावणेसात तास लागले असते, आणि तेवढा वेळ कसाबसा काढताही आला असता. खरी अडचण पुढची होती. सहा महिन्यांनी एक्स्चेंजचा पत्ता बदलला, तर तेच पावणेसात तास पुन्हा मोजावे लागणार होते, आणि दरम्यान कोणत्या फोनमध्ये कोणी काय बदलले याची नोंद कुठेही राहणार नव्हती.

प्रोव्हिजनिंग सर्व्हर हा या अडचणीवरचा उपाय आहे. नाव भारदस्त असले तरी काम साधे आहे : प्रत्येक फोनसाठी एक फाइल तयार ठेवायची आणि फोनने मागितली की ती द्यायची. पेढीतले हिशेबनीस काका माझ्या शेजारी उभे राहून हे ऐकत होते. ते म्हणाले, “म्हणजे ही तुमची खतावणीच की हो. प्रत्येकाचे पान वेगळे, आणि ज्याचे पान त्यालाच दाखवायचे.” मी त्यांना म्हणालो, “काका, अगदी तसेच.” त्यानंतर त्या पेढीत सर्वजण त्या सर्व्हरला खतावणीच म्हणू लागले, आणि या लेखातही तो शब्द मधूनमधून येईल.

आरंभीच एक गोंधळ दूर केलेला बरा. एक्स्चेंज आणि प्रोव्हिजनिंग सर्व्हर या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, जरी पुष्कळदा त्या एकाच यंत्रावर बसवलेल्या असतात. एक्स्चेंज, म्हणजे ॲस्टरिस्कसारखे सॉफ्टवेअर, कॉल जोडते : कोणत्या एक्स्टेन्शनवर कोणता फोन हजर आहे हे ते लक्षात ठेवते आणि घंटी योग्य ठिकाणी वाजवते. हा संवाद ‘सिप’ नावाच्या नियमावलीनुसार चालतो. तिची आज वापरात असलेली मूळ आवृत्ती जून २००२मधली आहे. प्रोव्हिजनिंग सर्व्हरचा कॉलशी काहीही संबंध येत नाही. तो फोनला फक्त एवढेच सांगतो की तुझा क्रमांक हा, तुझा पासवर्ड हा आणि तुझे एक्स्चेंज अमुक पत्त्यावर आहे. फोन ही माहिती आपल्या स्मृतीत उतरवून घेतो, त्यामुळे प्रोव्हिजनिंग सर्व्हर दिवसभर बंद पडला तरी चालू असलेले फोन बोलत राहतात. म्हणूनच त्यासाठी महागडे यंत्र घेण्याची गरज नसते. आमच्या पेढीत तो रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर चालतो, आणि ३४ फोनांसाठी तेवढी ताकद पुरून उरते.

आता फोनच्या बाजूने विचार करू. खोक्यातून नुकत्याच काढलेल्या फोनला स्वतःविषयी एकच गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे त्याचा मॅक पत्ता. हा पत्ता १२ चिन्हांचा असतो. त्यात ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही सहा अक्षरे येतात. पहिली सहा चिन्हे कंपनीला नेमून दिलेली असतात : ००:१५:६५ दिसले की फोन येलिंकचा, ००:०बी:८२ दिसले की ग्रँडस्ट्रीमचा. एकाच कंपनीकडे असे अनेक उपसर्ग असतात, म्हणून उपसर्ग ओळखीचा नाही एवढ्यावरून फोन बनावट ठरवू नये. उरलेली सहा चिन्हे त्या एका फोनची. फोनच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर हा पत्ता बारकोडसह छापलेला असतो, आणि आपल्या खतावणीत पान शोधण्याची किल्ली हीच.

फोनची तार नेटवर्कच्या स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या तारा एकत्र जोडणाऱ्या डब्यात, घातली की फोन सर्वप्रथम हाक मारतो, “मला या नेटवर्कवर पत्ता कोणी देईल का?” या हाकेला डीएचसीपी सर्व्हर उत्तर देतो. लहान ऑफिसात हे काम बहुधा इंटरनेट कंपनीने बसवलेला राउटरच करत असतो. डीएचसीपीचे उत्तर म्हणजे क्रमांक घातलेल्या रकान्यांचा छापील अर्ज समजावा. रकाना ३ मध्ये राउटरचा पत्ता असतो, ६ मध्ये नावे शोधून देणाऱ्या सर्व्हरचा, ४२ मध्ये घड्याळ लावून देणाऱ्या सर्व्हरचा. या रकान्यांचा अर्थ १९९७ साली ठरला आणि अजून तोच आहे. आपल्या कामाचा रकाना ६६. मुळात तो टीएफटीपी नावाच्या जुन्या पद्धतीने फाइली देणाऱ्या सर्व्हरच्या नावासाठी राखलेला होता, पण आजचे बहुतेक फोन त्यात वेबचा पूर्ण पत्ताही स्वीकारतात. सिस्कोच्या फोनांना त्याच कामासाठी रकाना १५० लागतो. फोन पत्ता घेतो, रकाना ६६ वाचतो आणि तिथे लिहिलेल्या सर्व्हरकडे जाऊन आपली फाइल मागतो. साऱ्या व्यवस्थेची कळ या एका रकान्यात आहे.

आणि पहिली अडचण नेमकी तिथेच येते. इंटरनेट कंपनीने दिलेल्या स्वस्त राउटरमध्ये रकाना ६६ भरण्याची सोयच नसते. पेढीतला राउटर तसाच होता. अशा वेळी राउटरमधील डीएचसीपी बंद करून ते काम आपल्या छोट्या संगणकाकडे घ्यावे. लिनक्स या संगणक प्रणालीवरील ‘डीएनएस-मास्क’ हा लहानसा प्रोग्राम पत्तेही देतो, रकाना ६६ही भरतो आणि टीएफटीपीने फाइलीही पुरवतो. मात्र राउटरमधील डीएचसीपी खरोखर बंद झाले आहे याची खात्री आधी करून घ्यावी. एका नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघेजण असले की ज्याचे उत्तर आधी पोहोचेल त्याचेच फोन सहसा मानतो. मग काही फोन सुरळीत चालतात, काही मुकाट बसतात, उद्या त्यांची अदलाबदल होते, आणि बघणाऱ्याला वाटते की फोनच खराब निघाले.

फोनांसाठी वेगळे आभासी नेटवर्क, म्हणजे व्हीएलएएन, करता आले तर फारच उत्तम. संगणक आणि फोन एकाच तारेवर राहतात, पण त्यांची रहदारी वेगळी राहते आणि फोनसाठीचे डीएचसीपी उत्तर फक्त फोनांनाच मिळते. त्यासाठी सेटिंग करता येणारा स्विच लागतो. तो घेतानाच तारेतून वीज पुरवणारा घ्यावा, आणि पोर्ट किती आहेत एवढेच न बघता एकूण किती वॅट देऊ शकतो तेही बघावे. २४ पोर्टचा स्विच २४ फोनांना पुरेशी वीज देईलच असे नसते. स्विच यूपीएसवर असला की पावसाळ्यात वीज गेली तरी सगळे फोन चालू राहतात. प्रत्येक टेबलावर वेगळा अडॅप्टर असता तर ही सोय मिळाली नसती.

फाइल कशी असते ते आता जवळून पाहू. येलिंकचा फोन दोन फाइली मागतो. पहिली त्या मॉडेलच्या सगळ्या फोनांना सामाईक असते. तिचे नाव वाय या अक्षराने सुरू होते, पुढे १२ अंक येतात आणि ते अंक मॉडेलप्रमाणे बदलतात. दुसरीचे नाव म्हणजे त्या फोनचा मॅक पत्ता, विरामचिन्हे काढून सलग लिहिलेला. दोन्ही फाइली साध्या मजकुराच्या असतात. प्रत्येक ओळीत डावीकडे सेटिंगचे नाव, मध्ये बरोबरचे चिन्ह, उजवीकडे त्या सेटिंगचे मूल्य. पहिली ओळ मात्र आवृत्तीची असते आणि ती जशीच्या तशी ठेवावी लागते. अनावश्यक समजून ती कोणी पुसली तर फोन पुढची सगळी फाइल नाकारतो. ग्रँडस्ट्रीमची तऱ्हा वेगळी. तिथे फाइलच्या नावाआधी ‘सीएफजी’ लागते, आत एक्सएमएल, म्हणजे खुणांच्या कंसांत मांडलेला मजकूर, असते आणि सेटिंगना नावांऐवजी क्रमांक असतात : पी ४७ म्हणजे एक्स्चेंजचा पत्ता, पी ३५ म्हणजे एक्स्टेन्शन, पी ३४ म्हणजे पासवर्ड. पॉलिकॉमचा फोन आधी स्वतःच्या नावाची फाइल शोधतो आणि ती नसेल तर बारा शून्यांच्या नावाची सर्वसाधारण फाइल घेतो. सांगायचे एवढेच की कंपनी बदलली की फाइलींचे व्याकरण बदलते. म्हणून एका ऑफिसात शक्यतो एकाच कंपनीचे, आणि जमल्यास एक-दोन मॉडेलचेच फोन घ्यावेत. भाव थोडा जास्त पडला तरी चालेल, हे माझे मत मी प्रत्येक गिऱ्हाइकाला खरेदीच्या आधी सांगतो आणि बहुतेक जण ते खरेदीच्या नंतर ऐकतात.

सामाईक फाइलीत काय ठेवायचे आणि फोनच्या स्वतःच्या फाइलीत काय, या वाटणीवर पुढची सगळी सोय अवलंबून असते. माझा नियम असा की जे दोन फोनांत वेगळे आहे तेवढेच फोनच्या फाइलीत जावे : क्रमांक, नाव, पासवर्ड आणि फार तर बटणांवरील नावे. एक्स्चेंजचा पत्ता, जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढची भारतीय वेळ, घड्याळाचा सर्व्हर, कोडेकचा क्रम, फोनच्या ॲडमिनचा नवा पासवर्ड, घंटीचा आवाज हे सारे सामाईक फाइलीत. आमच्या ३४ फाइलींपैकी एकही बारा ओळींहून मोठी नाही. उद्या एक्स्चेंज दुसऱ्या पत्त्यावर गेले तर मला एका फाइलीतील एक ओळ बदलावी लागेल.

या ३४ फाइली मी हाताने लिहिल्या नाहीत, आणि कोणी लिहूही नयेत. एक तक्ता केला. त्यात मॅक पत्ता, एक्स्टेन्शन, पडद्यावर दिसणारे नाव, जागा आणि मॉडेल असे पाच रकाने घातले. पासवर्ड वेगळ्या फाइलीत ठेवले, कारण तक्ता पेढीतील चार माणसे उघडतात. एक लहान स्क्रिप्ट, म्हणजे काही ओळींचा प्रोग्राम, हा तक्ता वाचते, साच्यातील मोकळ्या जागा भरते आणि फाइली तयार करून सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवते. काही व्यवस्थांमध्ये फाइली आधी बनवून ठेवत नाहीत. फोनने मागणी केली की त्याच क्षणी प्रोग्राम ती रचून देतो. मोठ्या कंपन्यांना ते सोयीचे आहे. लहान ऑफिससाठी मला आधी बनवलेल्या फाइलीच बऱ्या वाटतात, कारण त्या उघडून डोळ्यांनी तपासता येतात आणि स्क्रिप्ट बिघडली तरी कालच्या फाइली जागेवर असतात.

एक्स्टेन्शनचे क्रमांक ठरवताना एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी चुकते. सवयीने लोक १०१पासून सुरुवात करतात. पण १०१ हा अग्निशमन दलाचा क्रमांक आहे, १०८ रुग्णवाहिकेचा आणि ११२ आणीबाणीचा. लेखा विभागाला ११२ देऊन ठेवला, तर ज्या दिवशी खरोखर ११२ फिरवावा लागेल त्या दिवशी घंटी लेखा विभागात वाजेल. आम्ही पेढीला २०१पासून आणि गोदामाला ३०१पासून क्रमांक दिले, आणि फोनच्या डायल करण्याच्या नियमांत ११२ला वेगळी वाट ठेवली, जेणेकरून बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य न दाबताही तो लागावा. पडद्यावरील नावे रोमन लिपीत ठेवली. आम्ही घेतलेल्या मॉडेलच्या पडद्यावर देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन येत होते, आणि रिकाम्या चौकोनांपेक्षा रोमन बरी, यावर सर्वांचे एकमत झाले.

आता माझी चूक सांगतो, कारण ती जवळजवळ प्रत्येकाकडून होते. ३४ मॅक पत्ते चिकटपट्टीवरून वाचून लिहिताना ८ आणि बी, ० आणि डी यांची गल्लत होते, म्हणून मी बिलिंगच्या काउंटरवरचा बारकोड वाचणारा स्कॅनर घेतला. औषधांच्या पेढीत त्याला काय तोटा! पाच मिनिटांत सारे पत्ते तक्त्यात उतरले, फाइली तयार झाल्या, पेढीतले २२ फोन एकदम जोडले, आणि एकाच्याही पडद्यावर क्रमांक आला नाही. डीएचसीपी तपासले, ते ठीक होते. फोनांना पत्ते मिळालेले, रकाना ६६ही पोहोचलेला. मग फाइली देणाऱ्या वेब सर्व्हरचा लॉग, म्हणजे आलेल्या मागण्यांची नोंदवही, उघडला. त्यात प्रत्येक फोनच्या दोन नोंदी होत्या : सामाईक फाइलीची मागणी, उत्तर २००, म्हणजे फाइल दिली, स्वतःच्या फाइलीची मागणी, उत्तर ४०४, म्हणजे अशी फाइलच नाही. फाइल तर डोळ्यांसमोर होती. दोन्ही नावे एकाखाली एक लिहिल्यावर उलगडा झाला. स्कॅनरने रोमन अक्षरे मोठ्या (कॅपिटल) लिपीत दिली होती आणि फोन लहान लिपीत मागत होता. विंडोजला हा फरक जाणवत नाही, लिनक्सला जाणवतो. स्क्रिप्टमध्ये सगळी अक्षरे लहान करणारी एक ओळ घातली, फोन पुन्हा चालू केले, आणि लॉगमध्ये ४०४च्या जागी ओळीने २०० येऊ लागले. सिस्कोचे काही फोन याच्या नेमके उलट, मोठ्या लिपीतच नाव मागतात, हेही ध्यानात असू द्यावे.

त्या दिवसापासून माझा क्रम पक्का झाला आहे : फोन उठला नाही तर फोनकडे न बघता आधी लॉगकडे बघायचे. लॉगमध्ये त्या फोनची मागणीच नसेल, तर दोष तारेत, व्हीएलएएनमध्ये किंवा डीएचसीपीत आहे. मागणी आहे आणि उत्तर ४०४ आहे, तर फाइलीचे नाव चुकले. ४०१ असेल, तर फाइलीसाठी ठेवलेला पासवर्ड जुळत नाही. उत्तर २०० आहे आणि तरीही फोन एक्स्चेंजवर हजर होत नाही, तर फाइलीच्या आतला मजकूर किंवा एक्स्चेंजमधील खाते तपासायचे. एकच पथ्य आहे : आधी एकच फोन जोडावा, तो नीट उठला की मग बाकीचे. मी २२ फोन एकदम जोडले ही खरे तर त्या दिवसाची पहिली चूक होती.

फाइली कोणत्या मार्गाने द्यायच्या, हा प्रश्न दिसतो त्याहून गंभीर आहे. टीएफटीपीची जी नियमावली आजही चालते ती १९९२ची आहे, आणि मूळ पद्धत त्याहूनही जुनी. तिच्यात ओळख विचारण्याची सोयच नाही. जो फाइलीचे नाव सांगेल त्याला फाइल मिळते. शिवाय मूळ नियमानुसार ती ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवते, पोच येईपर्यंत थांबते आणि मगच पुढचा पाठवते. फोनचे फर्मवेअर, म्हणजे फोन चालवणारे आतले सॉफ्टवेअर, २० एमबीचे असेल तर त्याचे सुमारे ४१ हजार तुकडे होतात. ऑफिसच्या आतल्या तारेवर हे जाणवत नाही, पण गोदामासारख्या दूरच्या ठिकाणी प्रत्येक फेरीला ३० मिलिसेकंद लागत असतील, तर एका फोनला वीस मिनिटे लागतात. वेबची पद्धत, म्हणजे एचटीटीपी, अशी प्रत्येक तुकड्यागणिक थांबत नाही, आणि तिचा लॉगही वाचायला सोपा असतो. म्हणून ज्या फोनांना दुसरे काही समजतच नाही अशा जुन्या फोनांपुरतीच टीएफटीपी ठेवावी.

सुरक्षिततेचा मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा. फोनच्या फाइलीत एक्स्टेन्शनचा पासवर्ड उघड असतो. ती फाइल परक्या माणसाच्या हाती पडली, तर तो जगाच्या पाठीवर कुठूनही तुमच्या एक्स्टेन्शनच्या नावाने एक्स्चेंजवर हजर होऊ शकतो आणि रात्री दोन वाजता परदेशातील महागड्या क्रमांकांवर कॉल लावू शकतो. बिल तुमच्या नावावर येते. आता फाइलीचे नाव म्हणजे मॅक पत्ता. त्यातली पहिली सहा चिन्हे कंपनीवरून कोणालाही कळतात, आणि उरलेल्या सहांच्या सुमारे १ कोटी ६८ लाख शक्यता यंत्राला फार नाहीत. त्यात एकाच खोक्यातून आलेल्या फोनांचे पत्ते अनेकदा लागोपाठचे असतात, म्हणजे एक सापडला की शेजारचे आपोआप सापडले. तेव्हा नाव कोणाला कळणार नाही या भरवशावर प्रोव्हिजनिंग सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच टांगणे होय.

आम्ही सर्व्हरला फक्त फोनांच्या व्हीएलएएनमधून आलेल्या मागण्यांनाच उत्तर द्यायला सांगितले आहे. गोदामात एक लहान राउटर बसवला, जो पेढीशी व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या सुरक्षित खासगी वाटेचा, बोगदा स्वतःहून जोडतो. त्यामुळे गोदामातील फोनही आतल्याच वाटेने खतावणीपर्यंत येतात आणि इंटरनेटवर काहीही उघडावे लागत नाही. परदेशी कॉल एक्स्चेंजवरच बंद केले, कारण त्या पेढीला ते लागत नाहीत. पासवर्ड प्रत्येक एक्स्टेन्शनला वेगळा आणि २० चिन्हांचा, अर्थहीन असा ठेवला. प्रोव्हिजनिंगचा हा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. पासवर्ड हाताने टाकायचा असला की माणूस एक्स्टेन्शनचाच क्रमांक पासवर्ड म्हणून ठेवतो. तो फाइलीतून जाणार असला की कितीही किचकट ठेवता येतो.

फोन घरी किंवा दुसऱ्या शहरात ठेवायचे असतील आणि व्हीपीएन जमत नसेल, तर एचटीटीपीएस, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवणारे एचटीटीपी, वापरावे, आणि फोनकडूनही प्रमाणपत्र, म्हणजे ओळख पटवणारी डिजिटल फाइल, मागावे. बऱ्याच फोनांमध्ये कारखान्यातच असे प्रमाणपत्र बसवलेले असते आणि त्यात मॅक पत्ताही असतो, त्यामुळे मागणारा फोन तोच आहे का हे सर्व्हरला पडताळता येते. तिथे रकाना ६६ उपयोगी पडत नाही, कारण घरचा राउटर आपल्या हातात नसतो. त्यासाठी फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी मध्यस्थ सेवा चालवल्या आहेत : फोन पहिल्यांदा आपल्या कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, आणि तिथे तुम्ही त्या मॅक पत्त्यापुढे नोंदवून ठेवलेला तुमचा पत्ता त्याला मिळतो.

एचटीटीपीएसच्या वाटेवर एक खड्डा आहे आणि तो घड्याळाचा आहे. बऱ्याच फोनांत वीज गेल्यावर वेळ राखणारी बॅटरी नसते. वीज आली की असा फोन भलतीच, अनेक वर्षांपूर्वीची तारीख धरून उठतो, सर्व्हरचे प्रमाणपत्र वाचतो, ते ‘अजून लागूच झालेले नाही’ असे त्याला वाटते आणि तो फाइल घ्यायचे नाकारतो. म्हणून घड्याळाच्या सर्व्हरचा पत्ता फाइलीत असून भागत नाही. फाइल मिळण्याआधीच तो डीएचसीपीच्या रकाना ४२ मधून मिळायला हवा. जुन्या फोनांची आणखी एक तक्रार असते. प्रमाणपत्रे फुकट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची भिस्त ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर (ज्याच्या आधारे बाकीची प्रमाणपत्रे खरी मानली जातात) होती, ते ३० सप्टेंबर २०२१ रोजी कालबाह्य झाले. ज्या फोनांच्या फर्मवेअरमध्ये नवे मूळ प्रमाणपत्र नव्हते, त्यांचा त्या सर्व्हरांवरचा विश्वास त्या दिवशी संपला. जुने फोन स्वस्तात घेताना आधी त्यांचे फर्मवेअर किती साली थांबले ते पाहावे.

फर्मवेअरही याच सर्व्हरवरून देता येते, आणि म्हणूनच जपून द्यावे. एका फोनवर बसवून दोन-चार दिवस पाहावे, मग इतरांवर. सर्व फोनांना एकाच वेळी फर्मवेअर लावले आणि मध्येच वीज गेली, तर काही फोन कायमचे मुके होऊ शकतात; आषाढात तर हे काम मी हातीच घेत नाही.

फाइल बदलली की ती फोनपर्यंत पोहोचवण्याचे दोन मार्ग आहेत. सामाईक फाइलीतच सांगून ठेवता येते की रोज पहाटे अमुक वेळी सर्व्हरकडे येऊन काही बदलले आहे का ते बघावे. ही वेळ सर्व फोनांनी एकदम न साधता थोडी पुढेमागे साधावी अशीही सोय असते. घाई असेल तर एक्स्चेंजकडून फोनला ‘चेक-सिंक’ नावाचा सिपचा निरोप पाठवता येतो, आणि फोन लगेच येऊन फाइल घेऊन जातो. मात्र यासाठी एक शिस्त पाळावी लागते : कोणीही फोनच्या पडद्यावरून किंवा त्याच्या वेब पानावरून काही बदलायचे नाही. फोनवर केलेला बदल फाइलीशी जुळत नाही, आणि पहाटे फाइल पुन्हा उतरली की तो पुसला जातो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, काही मॉडेलमध्ये टिकून राहतो आणि फाइलीतली सुधारणा त्या फोनला लागतच नाही. पेढीतील स्वागतकक्षाच्या ताईंनी एकदा घंटी बदलली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला, “दादा, माझी घंटी कोणी बदलली?” त्यांची घंटी आता त्यांच्या फाइलीत आहे.

श्रावणात गोदामातील ३०७ क्रमांकाचा फोन पावसाचे पाणी शिरून बंद पडला. तिथल्या कपाटात दोन फोन जादा ठेवले आहेत. गोदामातल्या मुलाने एक काढला, चिकटपट्टीवरची शेवटची चार चिन्हे मला मोबाइलवर वाचून दाखवली आणि फोटोही पाठवला, कारण ८ आणि बीचा धडा आता सगळ्यांना पाठ आहे. मी तक्त्यात ३०७च्या ओळीतील मॅक पत्ता बदलला, स्क्रिप्ट चालवली, त्याला तार जोडायला सांगितली आणि लॉग उघडून बसलो. सामाईक फाइल, २००. स्वतःची फाइल, २००. तीन मिनिटांनी मी ३०७ फिरवला आणि त्याने उचलला. जुन्या मॅक पत्त्याची फाइल मी तेवढ्यातच काढून टाकली होती, आणि त्याला सांगितले की तो भिजलेला फोन वाळला तरी नेटवर्कला जोडू नकोस. भंगारात देण्याआधी अडॅप्टरने नुसती वीज देऊन, नेटवर्कची तार न जोडता, त्याला कारखान्याच्या स्थितीत रिसेट कर. तार जोडून रिसेट केलेला फोन पहिल्याच उठण्यात पुन्हा खतावणीच्या दारात उभा राहतो, आणि त्याची फाइल तिथे शिल्लक असेल तर पासवर्डासकट सारे परत घेऊन जातो.